सीताफळाच्या पानापासून आयसी५०पर्यंत: फुप्फुसाच्या कॅन्सरपेशींवर वनस्पतीचा अर्क कसा तपासावा

"सीताफळाची पाने घे, मिथेनॉलमध्ये अर्क काढ आणि ए५४९वर एमटीटी लाव." माझ्या कामाची सुरुवात या एका वाक्याने झाली. ए५४९ म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरपेशी, एमटीटी म्हणजे पेशी किती जिवंत आहेत ते रंगावरून मोजणारी चाचणी, आणि शीर्षकातला आयसी५० म्हणजे पेशींचे प्रमाण निम्म्यावर आणणारा डोस. ऐकताना पंधरा दिवसांचे काम वाटले. प्रत्यक्षात ज्यावर विश्वास ठेवता येईल असा पहिला आकडा हातात यायला अकरा महिने लागले. त्यातले निम्म्याहून अधिक महिने अशा चुकांत गेले, ज्या कुणी आधी सांगितल्या असत्या तर झाल्याच नसत्या. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात तुमच्यासमोर असेच वाक्य ठेवले गेले असेल, तर हे सगळे तुमच्यासाठी लिहिते आहे.

उदाहरण सीताफळाचेच घेते. पाने सहज मिळतात, आणि त्याच्या कुळातल्या लक्ष्मणफळाबद्दल 'केमोपेक्षा हजारो पट प्रभावी' असे संदेश मोबाइलवर फिरतच असतात. दोन्ही झाडांत अ‍ॅसिटोजेनिन नावाची संयुगे आहेत आणि ती पेशींना खरोखरच मारतात. तरीही पेशी मारणे आणि औषध असणे यांत केवढे अंतर आहे, ते हे काम करताना पावलोपावली कळत जाते. वनस्पती दुसरी असली तरी पायऱ्या याच राहतील.

सुरुवातीआधी: नरक्याची गोष्ट

आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे, शास्त्रीय नाव नोथॅपोडायटिस निम्मोनियाना. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच संयुग आपल्या नरक्यात असल्याचे दाखवले. प्रयोगशाळेत ते जबरदस्त होते. पण ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचे सोडियम क्षार रुग्णांना दिले गेले, आणि मूत्राशयातून रक्तस्रावापर्यंतचे त्रास झाल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या. १९८५ साली ते टोपोआयसोमरेज-१ या विकरावर काम करते हे उलगडले, मग रेणूत बदल करून टोपोटेकान तयार झाले आणि १९९८ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. झाडापासून फुप्फुसाच्या कॅन्सरसाठीच्या या मान्यतेपर्यंत ३२ वर्षे लागली. सदाफुलीतल्या अल्कलॉइडवर रासायनिक प्रक्रिया करून घडवलेले विनोरेलबिन हे फुप्फुसाच्या कॅन्सरवरचे दुसरे औषध. म्हणजे वाट खरी आहे, पण तुमची प्लेट, म्हणजे पेशींवर चाचणी करायची खाचांची तबकडी, तिच्या अगदी पहिल्या दगडाशी आहे. तो दगड नीट बसवायचा, एवढेच आपले काम.

काय काय जवळ हवे

कागदपत्रे: वनस्पती ओळखीचे प्रमाणपत्र आणि हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) नमुन्याचा क्रमांक, पाने कुठून, कधी, कोणाच्या परवानगीने आणली याची नोंद, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी, सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढत राहणारी पेशींची रेषा) कुठून आणि कितव्या पॅसेजला (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेरीला) आली त्याची पावती, रसायनांचे लॉट क्रमांक लिहिलेली वही.

उपकरणे: रोटरी इव्हॅपोरेटर, क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेट, कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर, इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, हिमोसायटोमीटर, मल्टिचॅनेल पिपेट, प्लेट रीडर, आणि पेशी गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजनची टाकी.

कॅबिनेटबद्दल एक गोष्ट. वनस्पतीशास्त्राच्या बऱ्याच विभागांत टिश्यू कल्चरसाठी आडवा लॅमिनार फ्लो असतो. त्यातली हवा नमुन्यावरून थेट तुमच्या तोंडावर येते. मानवी पेशी त्यात हाताळू नका, 'एकदाच तर करायचे आहे' असे कुणी म्हटले तरीही.

१. आधी झाडाची ओळख पटवा

सीताफळ कोण ओळखत नाही, असे मला वाटले होते. पण परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात: प्रमाणपत्र कुठे आहे? फांदी, पाने आणि शक्य असेल तर फूल-फळासह नमुना दाबून वाळवा आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुण्यातले पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था किंवा मुंबईतले ब्लॅटर हर्बेरियम अशा ठिकाणाहून ओळखवून घ्या. हे अर्क काढण्याआधी करा. नंतर केले तर जो नमुना ओळखला आणि ज्याचा अर्क काढला ते एकच होते, हे सिद्ध करता येत नाही.

पाने बागेतून घेणार असाल तर मालकाला सरळ विचारा: शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली? सीताफळावर पिठ्या ढेकणासाठी कीटकनाशके मारतात. फवारलेल्या पानांचा अर्क पेशी मारेल यात नवल नाही, फक्त त्याचे श्रेय सीताफळाला द्यायचे की कीटकनाशकाला, हे कळणार नाही. मी शेवटी परसातल्या, कधीच न फवारलेल्या झाडाची पाने घेतली.

जंगलातली वनस्पती असेल तर वनविभागाची परवानगी लागते. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल किंवा पेटंट घ्यायचे असेल, तर जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा प्रश्न येतो. तो मार्गदर्शकांसोबत सुरुवातीलाच सोडवा.

२. अर्क काढणे

पाने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात नको, आणि ओव्हन वापरलाच तर ४० अंशांच्या आत. कडकडीत वाळली की भरडा. १०० ग्रॅम भुकटीला १ लिटर मिथेनॉल, झाकून ७२ तास, अधूनमधून हलवत ठेवा. व्हॉटमन क्रमांक १ मधून गाळा, तोच चोथा आणखी दोनदा भिजवा, सगळे गाळलेले एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना आटवा. उरलेला घट्ट अर्क व्हॅक्यूममध्ये पूर्ण वाळू द्या. मिथेनॉलचा अंश राहिला तर वजनही खोटे आणि परिणामही खोटा. मिळालेल्या अर्काला भुकटीच्या वजनाने भागून टक्केवारी लिहून ठेवा, कारण पुढच्या खेपेचा अर्क तसाच आहे का, हे ताडायचे ते पहिले साधन.

पानांच्या अर्कात हरितद्रव्य भरपूर असते. ते पेशींच्या माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, साकळते आणि प्लेट रीडरच्या वाचनातही ढवळाढवळ करते. म्हणून अर्क हेक्झेनने धुऊन चरबी आणि बरेचसे हरितद्रव्य आधी काढा, मग क्लोरोफॉर्म, इथाइल अ‍ॅसिटेट, पाणी असे अंश वेगळे करा. हेक्झेनचा अंश फेकू नका, त्याचीही चाचणी करा. कोळशाने रंग काढायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. कोळसा रंगाबरोबर तुमचे संयुगही ओढून घेऊ शकतो.

बिया घेणार असाल तर हातमोजे आणि डोळ्यांवर चश्मा हवाच. गावाकडे उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावतात, आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. ग्राइंडरचे झाकण उघडताना उडणारी धूळ तीच असते.

३. स्टॉकचे गणित

अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक (मूळ तीव्र द्रावण) केला की हजार पट विरल केल्यावर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळते आणि डीएमएसओ ०.१ टक्का राहतो. हा हिशेब पाठच करा. पेशींवर डीएमएसओ शक्यतो ०.१ टक्का, फार तर ०.५ टक्क्यांपर्यंत. त्यापुढे तो स्वतःच परिणाम दाखवू लागतो. सर्व डोसमध्ये डीएमएसओचे प्रमाण सारखे ठेवा. वरच्या डोसला ०.२ आणि खालच्याला ०.००६ टक्का असे झाले, तर तुम्ही दोन गोष्टी एकाच वेळी बदलता आहात.

डीएमएसओतला स्टॉक सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या सिरिंज फिल्टरमधून गाळू नका, ती पडदी डीएमएसओत टिकत नाही. पीटीएफईची घ्या. गाळताना न विरघळलेला भाग फिल्टरवर राहिला तर तुमचे '१०० मिलिग्रॅम' १०० राहात नाही, हेही लक्षात असू द्या. स्टॉकचे छोटे भाग करून अंधारात उणे २० अंशांना ठेवा. एकच नळी वीस वेळा गोठवू-वितळवू नका.

माध्यमात घातल्यावर अर्क विरघळलेलाच आहे का, हे मायक्रोस्कोपखाली बघा. सुया, गोळे, गढूळपणा दिसला तर तो डोस बाद.

४. पेशी कुठून आणायच्या

भारतात बहुतेक जण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-भांडारातून घेतात, तिथे संस्थेमार्फत मागणी नोंदवता येते. शेजारच्या लॅबमधून 'थोड्या पेशी दे' हा मार्ग सोपा दिसतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. पॅसेज माहीत नाही, ओळख माहीत नाही, मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू आहे का माहीत नाही.

ए५४९ ही १९७२ साली ५८ वर्षांच्या एका पुरुषाच्या फुप्फुसातल्या अ‍ॅडिनोकार्सिनोमापासून तयार झालेली रेषा. तिच्यात केरास या कॅन्सरशी निगडित जनुकात बदल आहे, पी५३ हे कॅन्सर रोखणारे जनुक मात्र शाबूत आहे. म्हणून एकट्या ए५४९वर थांबू नका. पी५३ नसलेली एच१२९९ सोबत घेतलीत तर निष्कर्षाला जोर येतो.

तुलनेसाठी निरोगी पेशी हव्यातच, आणि इथे मोठा सापळा आहे. 'सामान्य फुप्फुस पेशी' म्हणून एल-१३२ कित्येक शोधनिबंधांत वापरलेली दिसेल. ती हेला पेशींनी दूषित झालेली, म्हणजे मुळात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची रेषा आहे. चांग लिव्हर आणि आयएनटी-४०७ यांचीही तीच कथा. निरोगी म्हणून एमआरसी-५ किंवा डब्ल्यूआय-३८ हे फुप्फुसाचे फायब्रोब्लास्ट किंवा श्वासनलिकेच्या अस्तरातली बीस-२बी घ्या. बीस-२बी विषाणूच्या जनुकाने अमर केलेली आहे, एवढे लिहून टाका. कोणतीही रेषा वापरण्यापूर्वी दूषित रेषांच्या जागतिक यादीत तिचे नाव शोधा, आणि शक्य असेल तर एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून रेषेची ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या.

५. पेशी सांभाळणे

३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचे सीरम) घातलेले माध्यम. ए५४९साठी एफ-१२के किंवा डीएमईएम. फ्लास्क प्रवासातून आला असेल तर पेशी तळापासून सोडवणारे ट्रिप्सिन लगेच लावू नका. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये निवांत बसू द्या. ७० ते ८० टक्के भरला की पॅसेज करा. पूर्ण भरून गर्दी झालेल्या पेशींचे वागणे वेगळे असते. पहिल्याच दोन-तीन पॅसेजमध्ये १० टक्के डीएमएसओसह दहा व्हायल (छोट्या कुप्या) गोठवा. हे काम 'नंतर करू' म्हणून टाळले की कंटॅमिनेशनच्या दिवशी हात रिकामे असतात.

मायकोप्लाझ्माबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण माझे तीन महिने त्याने खाल्ले. बुरशी आली तर दिसते, नेहमीचे जिवाणू आले तर माध्यम गढूळते. मायकोप्लाझ्मा आला तर काहीच दिसत नाही. तो इतका लहान की ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधूनही निसटतो. त्याला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे माध्यमातले पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. पेशी थोड्या हळू वाढतात, एवढेच. पण त्यांचे चयापचय बदललेले असते आणि एमटीटी तर चयापचयावरच उभी आहे. माझे आयसी५० दर आठवड्याला वेगळे येत होते आणि मी अर्काला दोष देत होते. शेवटी पीसीआर केला आणि पट्टी उमटली. सगळे फ्लास्क ऑटोक्लेव्ह केले, इन्क्युबेटर धुतला, नव्या व्हायलपासून सुरुवात केली. दर महिन्याला चाचणी करा. नवी रेषा आली की निकाल येईपर्यंत तिला वेगळे ठेवा.

६. प्लेट लावणे

पेशी मोजा, अंदाजाने टाकू नका. समजा मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या ट्रिपॅन ब्लूमध्ये निम्मे-निम्मे मिसळून हिमोसायटोमीटरच्या चार कोपऱ्यांत मिळून १९२ जिवंत पेशी दिसल्या. सरासरी ४८, गुणिले २, गुणिले १०,००० म्हणजे मिलिलिटरला ९,६०,०००. तुम्हाला एका वेलमध्ये (प्लेटच्या खाचेत) १०० मायक्रोलिटरात ५,००० पेशी हव्यात, म्हणजे मिलिलिटरला ५०,०००. १० मिलिलिटरसाठी ५,००,००० पेशी लागतील: ०.५२ मिलिलिटर पेशींचे द्रावण आणि ९.४८ मिलिलिटर माध्यम. जिवंत पेशी ९० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर त्या दिवशी प्लेट लावू नका.

९६ वेलच्या प्लेटमधले बाहेरचे ३६ वेल लवकर वाळतात आणि त्यांचे आकडे भरकटतात. त्यांत फक्त पीबीएस (क्षारांचे बफर द्रावण) भरा, काम आतल्या ६० वेलमध्ये करा. पेशी टाकल्यावर प्लेट गोल फिरवू नका, सगळ्या मधे गोळा होतात. सपाट जागेवर वीस-तीस मिनिटे ठेवून मग इन्क्युबेटरमध्ये न्या. भरताना मधूनमधून पेशींचे द्रावण ढवळत राहा, नाहीतर पहिल्या रांगेत पातळ आणि शेवटच्या रांगेत दाट अशी प्लेट होते.

२४ तासांनी, पेशी चिकटल्यावर, अर्क द्या. १०० मायक्रोलिटर पेशींवर १०० मायक्रोलिटर अर्क घालत असाल तर अर्क दुप्पट तीव्रतेचा बनवावा लागतो. हे विसरून मी एक अख्खी प्लेट निम्म्या डोसवर लावली होती. डोस २००, १००, ५०, २५, १२.५, ६.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असे घ्या, प्रत्येकी तीन वेल.

कंट्रोल सगळे हवेत:

- पेशी आणि फक्त माध्यम
- पेशी आणि डीएमएसओ, अर्कात असतो तेवढाच
- फक्त माध्यम, पेशी नाहीत
- पेशींशिवाय अर्क, प्रत्येक डोसचा
- पेशी आणि माहीत असलेले औषध

शेवटच्यासाठी बहुतेक जण सिसप्लॅटिन घेतात, आणि इतर सगळे डीएमएसओत विरघळवतो म्हणून तेही त्यातच विरघळवतात. डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटतो आणि औषध निकामी होते. ते सलाइनमध्ये विरघळवा आणि उजेडापासून जपा. माझे सिसप्लॅटिन काहीच करत नव्हते आणि माझा अर्क त्याच्यापुढे फार मोठा वाटत होता. त्या आनंदात मी पोस्टरसुद्धा तयार केले होते. ते मागे घ्यावे लागले.

७. एमटीटी घालणे आणि वाचणे

ही पद्धत मॉसमन यांनी १९८३ साली मांडली. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळे फॉर्मेझान करतात, जितक्या कार्यक्षम पेशी तितका गडद रंग. पीबीएसमध्ये ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे द्रावण करून गाळा, अंधारात ठेवा. ठरलेल्या वेळेनंतर, म्हणजे २४, ४८ किंवा ७२ तासांनी, अर्काचे माध्यम हलकेच काढा, पीबीएसने एकदा धुवा, ताजे माध्यम घाला आणि एमटीटी ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होईल एवढी टाका. तीन-चार तासांनी द्रव काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओत जांभळे स्फटिक विरघळवा आणि ५७० नॅनोमीटरवर, संदर्भासाठी ६३०वर, वाचन घ्या.

द्रव काढताना टिप वेलच्या कडेला टेकवा, तळाला नाही. स्फटिक निघून गेले तर ते 'मेलेल्या पेशी' म्हणून मोजले जातात. आणि एमटीटी घालण्यापूर्वी प्रत्येक वेल मायक्रोस्कोपखाली बघून फोटो काढा. आकडा आणि डोळा यांचे जुळले नाही तर डोळ्यावर विश्वास ठेवा.

८. आकडेमोड

अर्क दिलेल्या वेलच्या वाचनातून ब्लँक (पेशी नसलेल्या वेलचे वाचन) वजा, कंट्रोलमधूनही ब्लँक वजा, भागाकार, गुणिले १००. ब्लँक ०.०६, कंट्रोल ०.९६ आणि अर्काचा वेल ०.५१ असेल तर ०.४५ भागिले ०.९०, म्हणजे ५० टक्के. कंट्रोल म्हणजे डीएमएसओचा वेल, नुसत्या माध्यमाचा नाही.

आयसी५० काढताना एक्सेलमध्ये सरळ रेष ओढू नका. डोस-प्रतिसाद रेषा इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. लॉग डोसवर चार घटकांचे नॉनलिनियर समीकरण बसवा. सर्वांत वरच्या डोसलाही ७० टक्के पेशी जिवंत असतील तर उत्तर 'आयसी५० २०० पेक्षा जास्त' एवढेच. सॉफ्टवेअर ३८७.४ देईल, ते छापू नका.

एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर तीनदा केले की मग एन, म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या, बरोबर तीन. आकड्यासोबत वेळ लिहा, ४८ तासांचा आयसी५० आणि ७२ तासांचा यांची तुलना होत नाही.

कच्च्या अर्कासाठी साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आतला आयसी५० पुढे नेण्याजोगा मानतात. शुद्ध संयुगाला निकष बराच कडक. निरोगी पेशींच्या आयसी५०ला कॅन्सरपेशींच्या आयसी५०ने भागले की निवडकतेचा निर्देशांक मिळतो. तो १च्या आसपास असेल तर तुमचा अर्क कॅन्सरविरोधी नसून नुसता विषारी आहे. तसे स्पष्ट लिहा.

९. हा आकडा खरा आहे का?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

पहिली शंका: अर्क स्वतःच एमटीटीला जांभळा करतो का? पानांत पॉलिफेनॉल असतात, ती पेशींच्या मदतीशिवायही हे करू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशींशिवाय अर्काचे वेल याचसाठी लावले होते. ते जांभळे झाले तर धुणे वाढवा किंवा पद्धत बदला.

दुसरी: पॉलिफेनॉल माध्यमातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि पेशी त्याने मरतात. एका रांगेत कॅटलेज हे पेरॉक्साइड मोडणारे विकर घालून बघा. परिणाम नाहीसा झाला तर शरीरात तो होईलच असे मानू नका. टॅनिन प्रथिनांना चिकटतात, सॅपोनिन पेशीपटल सरळ फाडतात. सॅपोनिनची शंका असेल तर तांबड्या पेशींवर अर्क टाकून त्या फुटतात का पाहा.

तिसरी खास सीताफळाची. अ‍ॅसिटोजेनिन मायटोकाँड्रियातला कॉम्प्लेक्स-१ हा पेशीला ऊर्जा मिळवून देणारा विकरसमूह अडवतात. एमटीटी मोजते ती पेशीची चयापचयाची ताकद. म्हणजे पेशी जिवंत असूनही रंग फिका पडू शकतो. तुमच्या माध्यमात ग्लुकोज लिटरला ४.५ ग्रॅम आहे की १ ग्रॅम, यानेही निकाल हलतो. म्हणून दुसरी, वेगळ्या तत्त्वावरची पद्धत लावा. मला सल्फोरोडामिन-बी, म्हणजे एसआरबी, फार उपयोगी पडली. ती पेशींतली एकूण प्रथिने मोजते, अर्काच्या रासायनिक खोड्यांना कमी फसते. स्वतःकडे सोय नसेल तर टाटा स्मारक केंद्राच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कॅन्सरविरोधी औषधांच्या तपासणीची सुविधा आहे, तिथे एसआरबीने चाचणी होते. एमटीटी आणि एसआरबीचे आकडे फार दूर गेले, तर थांबून कारण शोधा. माझ्या क्लोरोफॉर्म अंशाचे तसेच झाले आणि प्रबंधातले सर्वांत चांगले प्रकरण त्या फरकातूनच निघाले.

१०. पुढच्या चाचण्या, थोडक्यात

पेशी मरतात की नुसत्या थांबतात, हे बघायला कॉलनी चाचणी करा: थोड्या पेशी, अर्क, मग दहा ते चौदा दिवस वाट आणि क्रिस्टल व्हायोलेट. पन्नासहून अधिक पेशींचा पुंजका म्हणजे एक कॉलनी. स्वस्त आहे आणि फसवत नाही. अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा आतून ठरवलेला मृत्यू, तपासण्यासाठी अ‍ॅनेक्सिन-व्ही आणि पीआय लावून फ्लो सायटोमेट्री, सोबत वेस्टर्न ब्लॉटवर कॅस्पेज-३ आणि ११६वरून ८९ किलोडाल्टनला तुटलेले पार्प हे प्रथिन बघा. स्क्रॅच चाचणी, म्हणजे पेशींच्या थरावर ओरखडा काढून पेशी सरकून तो किती भरतात ते पाहणे, पेशींना मारणाऱ्या डोसवर करू नका. मेलेल्या पेशी सरकत नाहीत, यात स्थलांतर रोखल्याचा पुरावा नाही.

११. घरून फोन येईल तेव्हा

हे प्रोटोकॉलच्या कुठल्याही वहीत नसते, म्हणून लिहिते. तुम्ही 'कॅन्सरवर संशोधन' करता हे गावात कळते. मला एका काकूंचा फोन आला. काकांना फुप्फुसाचा कॅन्सर, केमो सुरू. "बाळा, तू सीताफळाच्या पानांवर काम करतेस ना, किती पाने उकळून देऊ?" मायक्रोग्रॅम, मिलिलिटर, वेल, सगळे क्षणात निरर्थक झाले.

उत्तर तयार ठेवा. प्लेटमध्ये अर्क थेट पेशीवर ओततो, शरीरात तो पोट, यकृत, रक्त ओलांडून जातो. हळदीतले कुर्क्युमिन प्लेटमध्ये दहा-वीस मायक्रोमोलरला पेशी मारते. तैवानमधल्या २००१ सालच्या चाचणीत रुग्णांना रोज ८ ग्रॅम दिले, तरी रक्तात सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या आसपासच पोचले. आणि सीताफळकुळाचा काढा निरुपद्रवीही नाही. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर लक्ष्मणफळाची फळे आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा मेंदूचा आजार जास्त दिसल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. जो कॉम्प्लेक्स-१ माझ्या प्लेटमध्ये अडतो, तोच मेंदूच्या पेशींतही असतो.

काकूंना यातले थोडेच सांगितले. पाने देऊ नका, म्हटले. घरात आधीच कुठले काढे, पुड्या, गोळ्या चालू असतील तर त्या सगळ्यांची यादी कागदावर लिहा आणि पुढच्या केमोच्या दिवशी डॉक्टरांच्या हातात द्या. त्या म्हणाल्या, थांब, पेन आणते. मग आम्ही फोनवरच यादी केली. सहा नावे निघाली.